दोन काळ्या वायरी

“दोन्ही काळ्याच?” गेनूआप्पांनी विचारलं.

होडी निम्मी काठावर ओढून ठेवली होती आणि मी मागच्या फळीवर मांडी ठोकून प्लग जोडत होतो. आप्पा चिखलात उकिडवे बसून माझ्या हातांकडे बघत होते.

“दोन्ही काळ्याच. दुकानात जाड वायरीचं एवढंच एक बंडल शिल्लक होतं.”

“मग वळखायच्या कशा? कंची कुठली ती?”

“आप्पा, घरात बल्ब लावताना कधी इचारलंत का, कुठली वायर कुठली म्हणून? कशी बी लावा, उजेड तेवढाच पडतो.”

“ते घर हाय. ही होडी हाय.”

“वीज तीच हाय,” मी म्हणालो आणि शेवटचा स्क्रू आवळला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. बाजारपेठेत सात बाय नऊचं दुकान होतं, पाटीवर लाल अक्षरांत ‘जालिंदर इलेक्ट्रिकल्स’. निरवडी धरणाच्या काठावरच्या आमच्या भोईवाडीत आयटीआय झालेला मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. पंचक्रोशीतली दोनशे घरं मी वायरिंग करून दिली होती. घरातली वीज मला तळहातासारखी ठाऊक होती. होडीतली त्या दिवशीच पहिल्यांदा बघत होतो, पण हे कबूल करायला माझी जीभ जड होती.

आप्पा तेव्हा एकसष्टचे, वाडीतले जुने मच्छीमार. आयटीआयची दोन वर्षं त्यांनी मला रोज सकाळी होडीतून पलीकडच्या काठावर एसटीला सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं. एक दिवस खाडा नाही. पण या गोष्टीच्या दोन वर्षं आधी ओल्या खडकावरून पाय घसरला आणि त्यांचा डावा खांदा कायमचा गेला. हात छातीच्या वर जात नव्हता. एकट्यानं वल्हवणं बंदच झालं. तोवर जोडीदार भिवा होता म्हणून निभावलं. भिवा मुलाकडे पुण्याला गेला आणि आप्पा अडले.

आमच्या मच्छीमार संस्थेचा नियम साधा होता. जो स्वतः होडी घेऊन पाण्यात जातो त्यालाच पास. पास नाही तर जाळं टाकायचं नाही. चेअरमन शहाजी मल्लाव यांनी आप्पांना भादव्याच्या अखेरीपर्यंत मुदत दिली होती. एकट्यानं होडी चालवून दाखवा, नाही तर पास जमा करा.

“पाण्यावर जायचं न्हाई, तर मग दिवसभर मी करू काय रं?” आप्पा मला म्हणाले होते. ते काही तक्रार करत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

त्याच सुमारास संस्थेनं बॅटरीवर चालणारी एक मोटर चाचणीसाठी आणली. धरणाचं पाणी शहराला प्यायला जातं, म्हणून डिझेलच्या इंजिनाला बंदी होती. ही मोटर होडीच्या मागच्या कडेला शिकंज्यानं बसवायची. वर हातात धरायला मूठ, खाली पाण्यात पंखा. मूठ एकीकडे पिळली की होडी पुढं, दुसरीकडे पिळली की मागं. पुढं जायला पाच नंबर, मागं यायला तीन; शेवटच्या नंबराला जोर दोन्हीकडे सारखाच. मोटरीबरोबर बॅटरीला लावायचे चिमटे आले होते, पण होडी हलली की ते निसटायचे. शिवाय चार्जिंगसाठी बॅटरी रोज घरी न्यायची. म्हणून मी मधे प्लग घालायचं ठरवलं. गीझरला लावतात तो तीन पिनांचा, पंधरा अँपिअरचा. “जाड पिन वर, बारक्या दोन खाली. म्हणजे उलटा बसायचाच नाही,” हे मी काठावरच्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

चाचणी आप्पांनीच द्यायची, असं ठरलं. मोटर पास झाली तर संस्था आणखी बारा आणणार होती आणि त्यांचं सगळं काम माझ्याकडे येणार होतं. म्हणजे आप्पांचं पाणी आणि माझं काम, दोन्ही त्या एका प्लगवर होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काय केलं ते नीट कळेल.

चाचणीआधी तीन दिवस आप्पांनी सराव केला आणि काठावरच्या लोकांची फुकटात करमणूक झाली. वल्हवणारा माणूस मागं तोंड करून बसतो आणि पुढं जातो. आप्पा जन्मभर तसेच गेले होते. आता तोंड पुढं, मूठ मागं आणि पिळायची भलतीकडेच. त्यांचा हात हटकून उलटा जायचा. होडी काठावरच परत यायची आणि चेअरमन ओरडायचे, “आप्पा, तुमची होडी लाजतीया का? नव्या नवरीवानी मागं मागं सरतीया!”

आप्पा हसायचे. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून मुठीवर खिळ्यानं बाणाची खूण करून घेतली आणि पन्नास वेळा तरी मूठ पिळून बघितली. “पुढं. मागं. पुढं. मागं.” पोरं पाढे घोकतात तसे घोकत होते.

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाला सगळे घाटावर जमले. सोजरकाकी, म्हणजे आप्पांची बायको, हळदीची वाटी आणि नारळ घेऊन आली.

“ह्या यंत्राला हळद कुठं लावायची रं?” तिनं मला विचारलं.

“डोक्याला लावा काकी. पायाला लावाल तर धुऊन जाईल.”

तिनं मोटरीला हळद लावली आणि उरलेलं बोट माझ्या कपाळाला पुसलं. “तुझ्या हाताला यश येऊ दे,” म्हणाली.

चेअरमननी होडीतली दोन्ही वल्ही उचलून काठावर ठेवली. “आज वल्ह्याला हात न्हाई लावायचा. न्हाई तर उद्या कुणी म्हणंल, वल्हवत आणली. जालिंदर नुसता बसंल, मशीन बिघडली तर बघायला. मूठ आप्पांच्या हातात. काय बी झालं तरी जबाब आप्पांचा.”

हे शेवटचं वाक्य आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण इथं सांगायला हवं. पाण्यावर काही वाईट घडलं की घाटावरच्या पिंपरणीच्या झाडाखाली बैठक बसते. तिथं चेअरमन एकच प्रश्न करतो, ‘हातात कुणाच्या होतं?’ म्हणजे वल्हं कुणाच्या हातात होतं. ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. होडीतल्या बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पूर्वी एका होडीतले चौघं चार गोष्टी सांगायचे आणि भांडणं दोन-दोन पिढ्या चालायची. तेव्हापासूनची ही रीत.

दुसरा नियम लाल पिंपांचा. धरणाच्या दरवाज्यांच्या अलीकडे एका दोरीला लाल पिंपं बांधून पाण्यावर सोडलेली आहेत. दरवाजे उघडे असले की दोरीपलीकडे पाणी ओढतं. एकदा दोघं भाऊ तिकडे गेले होते. होडी सापडली, ती खाली नदीत. त्या दिवसापासून दोरी ओलांडणाऱ्याचा पास कायमचा रद्द. त्यात सूट नाही, सबब नाही.

आप्पांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, खिळ्याच्या खुणेकडे बघितलं आणि मूठ पिळली. होडी पुढं निघाली. काठावरून टाळ्या पडल्या. पाचपन्नास हात गेल्यावर आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“आवाजच न्हाई रं! मासा बी फसंल.”

“मग? म्हटलं नव्हतं?”

“लई शिकलास बाबा तू,” ते म्हणाले. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

काम एवढंच होतं. संस्थेनं पहाटे टाकून ठेवलेलं नवं जाळं उचलायचं आणि परत यायचं. जाळं पिंपांच्या दोरीपासून चांगलं लांब टाकलं होतं. पण आम्ही पोचलो तर एका टोकाचा दगड निसटलेला, आणि जाळं तरंगत्या बोयांसकट दरवाज्यांच्या दिशेनं सरकत चाललेलं. एक दरवाजा सकाळपासून फूटभर उचललेला होता. त्याची ओढ वरून दिसत नव्हती, पण होती. आप्पांनी जाळ्याचं टोक पकडलं, मी ओढून होडीत घ्यायला लागलो. निम्मं आत आलं असेल नसेल, तोच भोंगा वाजला.

पहिला भोंगा म्हणजे अर्ध्या तासात बाकीचे दरवाजे उघडणार, दुसरा म्हणजे लगेचच. वर कुठंतरी पाऊस झाला असणार. काठावर चेअरमन लाल टॉवेल हलवत होते. परत या, परत या.

आप्पांनी जाळ्याकडे बघितलं. नवंकोरं, संस्थेचं. मग दोरीकडे. मग माझ्याकडे.

“जालिंदर, खरं सांग. दम धरंल का मोटर? न्हाई तर जाळं सोडून देऊ.”

भरलं जाळं घेऊन आम्ही काठाला लागतोय, चेअरमन बघतायत, हे चित्र मला डोळ्यांसमोर दिसलं.

“धरंल,” मी म्हणालो.

सगळं जाळं आत यायला दहा मिनिटं लागली. ओल्या जाळ्याचा आणि माशांचा ढीग मधल्या फळीवर पडला. तोवर आम्ही सरकत सरकत पिंपांपासून साठसत्तर हातांवर आलो होतो. आप्पांनी होडीचं तोंड काठाकडे वळवलं आणि मूठ पाच नंबरला नेली. होडीनं जोर घेतला. वजन जास्त, ओढ मागून. ती पुढं जात होती, पण मुंगीच्या पावलांनी.

आणि मला वास आला. जळक्या प्लगचा वास वायरमनला झोपेतही कळतो.

“आप्पा, कमी करा!”

“कमी केली तर मागं जाऊ!”

प्लगमधून धूर निघाला. मी हात घातला आणि चटका बसून मागं घेतला. गीझरचा प्लग पंधरा अँपिअरचा, आणि मोटर पाच नंबरला चाळीस ओढत होती. हे गणित आठवीतल्या पोरालाही आलं असतं. मी केलं नव्हतं, कारण प्लग जाड दिसत होता. क्षणभरात मोटर गप्प झाली आणि मागून दरवाज्याचा घोंगाट ऐकू यायला लागला.

“वल्हं...” आप्पा म्हणाले आणि थांबले. वल्ही काठावर होती.

“पाच मिनिटं द्या मला.”

“पाच न्हाईत आपल्याकडं. बिगी बिगी कर.”

त्यांचा आवाज शांत होता. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. पक्कड काढली, वितळलेला गोळा दोन्ही बाजूंनी तोडून पाण्यात टाकला. आता हातात चार टोकं. मोटरीकडून एक लाल, एक काळी. बॅटरीकडून दोन, दोन्ही काळ्या. बॅटरीचा डबा मधल्या फळीखाली, आणि फळीवर जाळं. जाळं ढकलून डब्याचं झाकण उघडलं असतं तर कुठली कुठून येते ते दिसलं असतं. वीस मोजेपर्यंत झालं असतं ते काम. पण मला सुचलंच नाही. माझ्या हातांनी दोनशे घरांत केलं तेच केलं. दातांनी वायर सोलली, जी समोर आली ती लालला पिळली, उरलेली काळीला. टेप नव्हता. दोन जोड एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन हातांत वेगवेगळे धरले.

दुसरा भोंगा वाजला.

“आप्पा, फिरवा!”

आप्पांनी खुणेकडे बघितलं. मी शपथेवर सांगतो, त्यांनी खुणेकडे बघितलं आणि मूठ पुढच्या बाजूला पिळली. पाच नंबर.

होडीनं हिसका दिला आणि सरळ मागं, दरवाज्यांकडे निघाली.

“आरं... आरं, उलटी चालली!” आप्पा ओरडले. त्यांनी हाताकडे बघितलं आणि मी माझ्या हातांतल्या जोडांकडे. तेव्हा मला कळलं. घरातल्या विजेला पुढचं-मागचं नसतं. बॅटरीच्या विजेला असतं. तिचं अधिक-उणं अदलाबदल केलं की मोटर उलटी फिरते. पुढं म्हटलं की मागं जाते, मागं म्हटलं की पुढं. मी वायरी उलट्या जोडल्या होत्या. पहिल्या वेळी त्या सुलट्या जुळल्या, ते निव्वळ नशीब होतं.

सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. लाल पिंप होडीच्या कुशीला धाडकन लागलं आणि बाजूला झालं. दोरी बुडाखालून खरखरत गेली. आम्ही दोरीच्या पलीकडे होतो. पाणी इथं वेगळंच होतं, वरून गुळगुळीत आणि खालून खेचणारं.

“हात चुकला माझा!” आप्पा ओरडले. “उलटा फिरला! हात चुकला!”

आणि त्यांनी मूठ दुसरीकडे पिळली. मागं, तीन नंबर.

होडी थरथरली. एका जागी उभी राहिली. मग हळूहळू पुढं सरकायला लागली. मूठ मागं होती आणि होडी पुढं चालली होती, पण हे बघायला आप्पांना सवड नव्हती. ते काठाकडे बघत होते. दोरी पुन्हा बुडाखालून खरखरली. पिंप मागं पडलं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, चटका बसतो. माझ्या दोन्ही हातांची कातडी भाजत होती आणि मी जोड सोडले नाहीत. तेवढं एक काम त्या दिवशी मी नीट केलं.

ओढ संपली, पाणी साधं झालं, तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा श्वास सोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“किती येळा शिकवलंस तू मला,” ते म्हणाले. “पुढं म्हंजी पुढं. खूण बी करून दिलीस. आन् ऐन येळंला हात फिरला बघ. तुझा जीव गेला असता माझ्यापायी.”

हीच वेळ होती. दोघंच होतो होडीत. ‘आप्पा, तुमचा हात नाही चुकला,’ एवढं वाक्य. मी ते मनात जुळवलंसुद्धा. मग मला घाटावरची माणसं दिसली, चेअरमन दिसले, बारा मोटरी दिसल्या.

“असू द्या आप्पा,” मी म्हणालो. “होतं असं कधी कधी.”

मी त्यांना माफ केलं. आजही हे वाक्य लिहिताना माझी मला शिसारी येते.

काठाला लागल्या लागल्या पिंपरणीखाली बैठक बसली. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. सोजरकाकी लांब दगडावर बसून होती, हळदीची वाटी अजून हातात.

“हातात कुणाच्या व्हतं?” चेअरमननी विचारलं.

“माझ्या,” आप्पा म्हणाले.

“काय झालं?”

“प्लग जळाला. जालिंदरनं तिथंच जोडून दिला, हात भाजून घेतलं पोरानं. त्याच्यामुळं आज माघारी आलो. मग मी मूठ उलटी फिरवली. खूण दिसत असून फिरवली. दोरी वलांडली.”

चेअरमननी लाल टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. त्यांनाही ते नको होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रीत मोडून त्यांनी मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं का? मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय की हो, सांगितलं असतं. पण रीत मोडली नाही आणि मला त्या रीतीचा किती आधार वाटला! मला बोलायची परवानगीच नव्हती ना. मूग गिळून उभा राहिलो.

आप्पांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पास काढला, पिशवी सोडवून घडी करून परत खिशात ठेवली आणि पास चेअरमनच्या हातात दिला. सोजरकाकी उठून घराकडे चालायला लागली.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी होडीपाशी गेलो. डबा उघडला, दोन्ही जोड सोडले, सुलटे केले, वर टेप गुंडाळला. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या पुतण्यानं तीच होडी, तीच मोटर चालवून बघितली. पुढं म्हटलं की पुढं, मागं म्हटलं की मागं. “मशीनमधी खोट न्हाई,” चेअरमन म्हणाले, आणि आप्पांचा हात चुकला होता यावर शेवटचा शिक्का बसला. तो मीच मारला होता, टेपच्या खाली.

बारा मोटरी आल्या. त्यांना मी योग्य प्लग लावले, लाल आणि काळ्या वायरी वापरल्या. दुकान मोठं झालं, पाटी बदलली. आप्पा घाटावर बसून दुसऱ्यांची जाळी विणायला लागले, आणि त्यातही एक खोड लागली. चार टाके घातले की थांबायचे, जवळच्या माणसाला दाखवायचे, “बरोबर हाय का बघ रं.” चाळीस वर्षं जाळी विणलेला माणूस. लोकांना वाटायचं, म्हातारपण. मी घाटावरून जाणं कमी केलं.

गेल्या श्रावणात सोजरकाकीचा निरोप आला. घरातला पंखा बंद पडलाय, आप्पांना उकाड्यानं झोप येत नाही. माझ्याकडे आता कामाला चार माणसं आहेत, त्यातला कुणी पाठवता आला असता. का कोण जाणे, मीच गेलो.

आप्पा पंचाहत्तरीचे झालेत. दाराशी खाटेवर बसले होते. मला बघून तोंडभर हसले. “आला का माझा इंजिनेर!” मी स्टुलावर चढलो, पंख्याची वाटी खाली केली आणि सवयीनं म्हणालो, “आप्पा, तेवढा मेन बंद करा. तुमच्या डोक्यापाशीच आहे.”

आप्पांनी वर बघितलं. हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

“नगं बाबा. तू वायरीला हात लावणार, आन् माझा हात चुकतो. सोजर, तू कर गं बंद.”

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. काकी चहाचा कप घेऊन चुलीपासून उठत होती.

“आप्पा, तुमचा हात चुकत नाही,” मी म्हणालो.

“चुकतो की. तुला न्हाई ठावं व्हय? तूच व्हतास संगं.”

मी खाली उतरलो. त्यांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. दोन काळ्या वायरी, वितळलेला प्लग, उलटा जोड, दुपारी जाऊन केलेला सुलटा जोड. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चौदा वर्षं मला वाटत होतं, खूप लांबलचक असेल.

काकीनं माझ्यापुढं ठेवलेला चहाचा कप उचलला आणि आत नेला.

आप्पांनी उजवा हात पुढं धरला. तळवा बघितला, उलटा करून पाठ बघितली.

“म्हंजी मी सुलटंच फिरवलं व्हतं?”

“सुलटंच. खुणेकडे बघून फिरवलं होतंत.”

“मला वाटायचं बघितलं व्हतं,” ते हळू म्हणाले. “लई दिस वाटायचं. मग वाटायचं बंद झालं.”

“आप्पा, मी...”

“गप.” ते इतक्या जोरात म्हणाले की मी दचकलो. ते खाटेवरून उठले, भिंतीला धरून वळले आणि मेन खाली ओढला. घरातला बारका दिवा विझला.

“लाव पंखा,” ते म्हणाले.

मी पंखा लावला. आप्पांनी स्वतःच मेन वर केला. पंखा फिरला. ते पंख्याकडे बघत उभे होते, माझ्याकडे नाही.

“सोमवारी झाडाखाली बैठक हाय,” ते म्हणाले. “ये.”

सोमवारी मी गेलो. पिंपरण तीच, चेअरमनही तेच, केस तेवढे पांढरे झालेले. पन्नास-साठ माणसं होती, त्यातली निम्मी त्या दिवशी काठावर टाळ्या वाजवणारी. आप्पा आता संस्थेचे सभासद नाहीत, त्यांना बोलायचा हक्क नाही. तरी ते उठून उभे राहिले आणि कुणी त्यांना खाली बसा म्हटलं नाही.

“माझा पास गेला त्या दिसाचं एक इचारायचं राहून गेलं व्हतं,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “होडीची वायर हातात कुणाच्या व्हती?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“माझ्या,” मी म्हणालो.

“मग बोल,” आप्पा म्हणाले आणि खाली बसले.